दीड मिनिट थांबायचं कुणी?

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या कॉलेज प्रोजेक्टला युनिट टेस्ट लिहिल्या आहेत? चला, काही हात वर दिसतायत. आता त्यातल्या किती जणांनी त्या टेस्ट गेल्या आठवड्यात एकदा तरी चालवल्या? हात भराभर खाली गेले ना? लाजू नका. गेल्या वर्षीपर्यंत माझाही हात खालीच होता. तो वर का गेला, त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती फारशी अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

आधी ओळख. मी मास कॉमची विद्यार्थिनी. कोडिंग माझा विषय नाही, पण डेटा जर्नलिझमच्या पेपरमुळे जावास्क्रिप्ट शिकले आणि त्या नादात आमच्या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेच्या वेबसाइट टीममध्ये घुसले. टीम म्हणजे कॉम्प्युटरचे दोघं, एक ज्युनिअर आणि मी. परीक्षकांचे मार्क व्हॉलंटिअरने मोबाइलवर भरायचे, साइटने बेरीज करायची आणि निकाल सभागृहातल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा. काम एवढंच.

आमचा ज्युनिअर शहाणा होता. त्याने आधीच ओळखलं होतं, की कुणाच्या ना कुणाच्या फोनवर मराठी कीबोर्ड असणार आणि मार्क देवनागरी आकड्यांत येणार. जावास्क्रिप्टला ‘९’ हा आकडा वाटतच नाही. तो आकड्यात बदलायला सांगितला तर ती ‘नॅन’ म्हणून मोकळी होते, म्हणजे ‘ही संख्या नाही’. म्हणून ज्युनिअरने देवनागरी आकडे आधी इंग्रजी आकड्यांत बदलणाऱ्या दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांच्यासाठी टेस्टही लिहिली होती.

स्पर्धेच्या आदल्या रात्री मी कोड ‘साफ’ करायला बसले. त्या दोन ओळी मला फालतू वाटल्या, काढून टाकल्या. कमिट करताना आमच्या सेटअपप्रमाणे सगळ्या टेस्ट आपोआप चालायला लागल्या. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना दीड मिनिट लागायचं. रात्रीचे दोन वाजले होते, डोळे मिटत होते. मी ते मध्येच थांबवलं आणि कमिटला ‘नो-व्हेरिफाय’ लावलं. म्हणजे तपासणी नको, तसंच पुढे जाऊ दे.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. संध्याकाळी एक नवी व्हॉलंटिअर आली, तिच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. शेवटच्या एकांकिकेला एका परीक्षकाने दिलेले मार्क तिने अगदी बरोबर भरले, देवनागरीत. कोडमध्ये आम्हीच लिहून ठेवलं होतं, की संख्या कळली नाही तर शून्य धर. एका परीक्षकाचे सगळे मार्क शून्य. तालुक्याच्या गावाहून एसटीने आलेली ती टीम पहिल्या नंबरावरून थेट खाली गेली. सरांनी कागदावरची बेरीज पडताळली तेव्हा चूक कळली, निकाल बदलला. पण तोवर अर्धा तास गेला होता आणि शेवटची एसटी गाठायला ती मुलं निघूनही गेली होती. पहिलं बक्षीस मिळाल्याचं त्यांना बसमध्ये फोनवर कळलं. ज्या स्टेजवर ते घ्यायचं, त्या स्टेजवर ती नव्हती.

टेस्ट लिहिलेली होती. ती चालली असती तर लाल झाली असती. ती दीड मिनिट चालू द्यायला मी थांबले नाही.

शिस्तीचा प्रश्न की वेगाचा?

या गोष्टीवर सगळ्यांनी मला एकच सांगितलं: शिस्त हवी. मान्य, चूक माझीच होती. पण नंतर मी टीममधल्या बाकीच्यांना विचारलं, की तुम्ही कितीदा नो-व्हेरिफाय वापरता? सगळ्यांनीच वापरलं होतं. ज्युनिअरनेसुद्धा! आता चारपैकी चार जण एकच शॉर्टकट घेत असतील, तर फक्त ‘मुलांना शिस्त नाही’ म्हणून भागत नाही. रस्त्यातच कुठेतरी खड्डा आहे, म्हणून सगळे कडेने चाललेत.

माझं मत सरळ आहे. टेस्ट चालवणं ही सवय आहे आणि सवय लागायची तर ती गोष्ट पटकन व्हायला हवी. तुम्हीच आठवा. सेव्ह केलं आणि तीन सेकंदांत उत्तर आलं, तर नजर स्क्रीनवर राहते. दीड मिनिट लागणार म्हटलं की हात आपोआप मोबाइलकडे जातो. एक रील, मग दुसरी, आणि परत येईपर्यंत आपण काय बदललं होतं तेच आठवत नाही. दोन-तीन वेळा असं झालं की मन हिशोब करतं, ‘जाऊ दे, नंतर चालवू.’ ते नंतर सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत येत नाही.

आणि यात एक अन्यायही आहे. हळू टूलचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्याकडे नवाकोरा लॅपटॉप आहे, त्याला हेच काम वीस-पंचवीस सेकंदांत मिळतं. ज्याने मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप घेतलाय किंवा जो कॉलेजच्या लॅबवर अवलंबून आहे, त्याची दोन मिनिटं जातात. मग परीक्षक म्हणतात, याचा कोड स्वच्छ, त्याचा गचाळ. म्हणून टूलचा वेग ही हौस नाही. जुन्या मशीनवाल्यांसाठी तर ती गरज आहे.

वेळ जातो कुठे?

स्पर्धेनंतरच्या आठवड्यात मी आणि ज्युनिअर शोधायला बसलो, की हे दीड मिनिट जातं कुठे. टेस्ट तर चिमूटभर. बेरीज बरोबर येते का, नाव रिकामं असेल तर काय, असल्याच. खरा वेळ त्या सुरू व्हायच्या आधीच जात होता.

असं बघा. आपण जो कोड लिहितो, तो आहे तसा चालत नाही. रिअ‍ॅक्टमध्ये एचटीएमएलसारखं दिसणारं जे जेएसएक्स आपण लिहितो, ते नोडला समजत नाही. टाइपस्क्रिप्टमधले टाइप नोडच्या नव्या आवृत्त्या काढून टाकू शकतात, पण तेही मर्यादेत. म्हणून टेस्टच्या आधी प्रत्येक फाइल साध्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवावी लागते. हे काम करतो तो कंपायलर. जेस्ट हे टेस्टचं टूल फेसबुकने २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते वेगळं काही सांगितलं नाही तर या कामासाठी बेबेल वापरतं. टाइपस्क्रिप्टवाले बरेच जण टीएस-जेस्ट लावतात. आम्हीही तेच लावलं होतं. ते टाइपस्क्रिप्टच्या मूळ कंपायलरला बोलावतं आणि फाइल उतरवता उतरवता टाइपही तपासतं. तपासणी चांगलीच, पण ती वेळ खाते.

बेबेलची गोष्ट तुम्हाला आवडेल. २०१४ मध्ये सेबॅस्टियन मॅकेंझी नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलाने तो लिहिला, तेव्हा तो शाळेत होता. आधी त्याचं नाव होतं ‘सिक्स-टू-फाइव्ह’, कारण तो जावास्क्रिप्टच्या सहाव्या आवृत्तीचा कोड पाचवीत उतरवायचा. २०१५ मध्ये नाव बदलून बेबेल झालं. नवी जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरवर चालायला लागली, त्यात या टूलचा मोठा वाटा आहे. पण बेबेल स्वतः जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे आधी नोड सुरू होणार, मग त्याच्यावर बेबेल तापणार, मग तो तुमच्या फाइल घेणार.

इथे एसडब्ल्यूसी येतो. पूर्ण नाव स्पीडी वेब कंपायलर. दक्षिण कोरियाच्या डोंगयून कांग या तरुण प्रोग्रामरने तो रस्ट या भाषेत लिहिला. रस्टचा कोड आधीच थेट मशीनच्या भाषेत उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे तापायची गरज नाही. शिवाय प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लावणं त्याला सोपं जातं. २०२१ मध्ये कांग व्हर्सेल कंपनीत गेला आणि त्याच वर्षी नेक्स्ट-जेएसच्या बाराव्या आवृत्तीत बेबेलच्या जागी एसडब्ल्यूसी आला. तुम्ही नेक्स्ट वापरत असाल तर नकळत एसडब्ल्यूसीही वापरलाच आहे. गो भाषेतला ईएसबिल्ड हा याच जातकुळीतला. तो फिग्माचा सहसंस्थापक इव्हान वॉलेस याने लिहिला.

एसडब्ल्यूसीची साइट सांगते, की तो एका थ्रेडवर बेबेलच्या वीसपट आणि चार कोअरवर सत्तरपट वेगवान आहे. मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, त्यामुळे आकडा दिसला की आधी विचारते: हा दिला कुणी आणि मोजलं काय? हा आकडा बनवणाऱ्यांचाच आहे आणि तो फक्त फाइल उतरवण्याचा आहे. तुमची पूर्ण टेस्ट सत्तरपट वेगाने चालणार नाही, कारण टेस्ट चालवणं, खोटा ब्राउझर उभा करणं हे वेळ घेणारच. आमच्या प्रोजेक्टवर दीड मिनिटाचं वीस-पंचवीस सेकंदांवर आलं. सत्तरपट नाही, पण मोबाइल उचलायच्या आत उत्तर यायला लागलं. मला तेवढंच हवं होतं.

बसवायचं कसं?

आता कामाचं बोलू. चहा घेऊन बसा, अर्ध्या तासात होतं.

सगळ्यात आधी मोजा. जेस्टला ‘नो-कॅश’ सांगून टेस्ट चालवा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण जेस्ट एकदा उतरवलेल्या फाइल जपून ठेवतं. दुसऱ्यांदा चालवलं की तसंही लवकर होतं आणि आपल्याला वाटतं नव्या कंपायलरने जादू केली. गिटहबवर दर पुशला टेस्ट चालवत असाल, तर तिथे वेगळी सोय केल्याशिवाय जपलेलं काही नसतं. दर वेळी पाटी कोरी. फरक खरा जाणवतो तो तिथे. प्रायव्हेट रेपोला फुकट मिळणारी मिनिटंही मोजकीच असतात.

मग एनपीएमने दोन पॅकेजेस घ्या, एसडब्ल्यूसी-कोअर आणि एसडब्ल्यूसी-जेस्ट. दोन्ही फक्त डेव्हलपमेंटपुरती लागतात, तेव्हा डेव्ह डिपेंडन्सी म्हणून घ्या.

त्यानंतर जेस्टची कॉन्फिग फाइल उघडा. तिच्यात ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा भाग असतो. तिथे सांगायचं, की जेएस, जेएसएक्स, टीएस आणि टीएसएक्स ने संपणारी प्रत्येक फाइल एसडब्ल्यूसी-जेस्टकडे द्या. एका ओळीचं काम. पण आधीची टीएस-जेस्टची ‘प्रीसेट’ ओळ असेल तर ती आठवणीने काढा. आम्ही ती विसरलो होतो. मग कुठली फाइल कोण उतरवतंय तेच कळेना आणि एक अख्खी दुपार गेली.

शेवटी प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी ‘एसडब्ल्यूसीआरसी’ नावाची छोटी फाइल करा. तिच्यात पार्सरला सांगा, की भाषा टाइपस्क्रिप्ट आहे आणि टीएसएक्स चालू ठेव. रिअ‍ॅक्ट असेल तर त्याचा रनटाइम ‘ऑटोमॅटिक’ करा. नाही केला तर ‘रिअ‍ॅक्ट इज नॉट डिफाइन्ड’ असा एरर येतो आणि माणूस उगाच प्रत्येक फाइलमध्ये रिअ‍ॅक्ट इम्पोर्ट करत बसतो. बॅकएंडला नेस्ट-जेएस असेल तर डेकोरेटर आणि डेकोरेटर मेटाडेटा हे दोन्ही पर्याय चालू करा, नाहीतर नेस्टला कुठल्या क्लासला काय पुरवायचं तेच कळत नाही.

इम्पोर्टमध्ये तुम्ही ‘अ‍ॅट-स्लॅश’सारखे शॉर्टकट वापरत असाल, तर ते जेस्टच्या ‘मॉड्यूल नेम मॅपर’मध्येही लिहा. टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिगमधले शॉर्टकट जेस्ट आपणहून वाचत नाही.

झालं. पुन्हा नो-कॅशने चालवा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा. फारसा फरक पडला नसेल तर दोष कंपायलरचा नव्हताच. मग बघा, टेस्टमध्ये कुणी ‘दोन सेकंद थांब’ लिहिलंय का, खऱ्या सर्व्हरला कॉल जातोय का, नुसत्या बेरजेच्या टेस्टलाही जेएसडॉम नावाचा खोटा ब्राउझर लावलाय का. तेवढं काढलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पण थांबा, काहीतरी हातचं गेलंय

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझा लेख म्हणजे टूलची जाहिरात होईल.

एसडब्ल्यूसी इतका वेगवान का, याचं अर्धं उत्तर रस्ट. उरलेलं अर्धं उत्तर असं, की तो एक काम करतच नाही. तो टाइप तपासत नाही, नुसते पुसून टाकतो. आमच्या डेस्कवरचं उदाहरण देते. एजन्सीची बातमी इंग्रजीतून आली की एक जण तिचं मराठी करतो. वाक्यामागून वाक्य, झपाझप. पण बातमीत मंत्र्यांचं खातं चुकलंय का, वरच्या परिच्छेदातला आकडा खालच्याशी जुळतो का, हे बघणं वेगळं काम आहे. भाषांतर सुरेख झालं म्हणून बातमी बरोबर ठरत नाही. टीएस-जेस्ट ही दोन्ही कामं एका माणसाकडून करून घेतं, म्हणून ते हळू. एसडब्ल्यूसी फक्त भाषांतर करतो.

आमच्याकडे हे लगेच दिसलं. एसडब्ल्यूसी बसवल्यावर सगळं हिरवंगार, सगळे खूश. मग एकाने मार्क आकडा म्हणून देण्याऐवजी मजकूर म्हणून दिले. जावास्क्रिप्टमध्ये मजकुरातले आठ आणि नऊ यांची बेरीज सतरा होत नाही, ते शेजारी शेजारी बसून एकोणनव्वद होतात! टीएस-जेस्टने ते टाइपच्या पातळीवरच अडवलं असतं. एसडब्ल्यूसीने टाइप पुसले आणि फाइल पुढे पाठवली. त्या जागेवर टेस्ट नव्हती, म्हणून सगळं हिरवं.

यावर उपाय आहे आणि तो टाळायचा नाही. टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरला ‘नो-एमिट’ सांगून वेगळं चालवा. म्हणजे तो फाइल तयार करणार नाही, फक्त तपासेल. त्याची वेगळी स्क्रिप्ट करा आणि पुश केल्यावर टेस्टच्या सोबत तीही चालली पाहिजे असं ठेवा. म्हणजे काम करताना दर सेव्हला पटकन टेस्ट आणि पुशला पूर्ण तपासणी. टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिगमध्ये ‘आयसोलेटेड मॉड्यूल्स’ही चालू करा. एसडब्ल्यूसी एका वेळी एकच फाइल बघतो. त्यामुळे त्याला झेपणार नाही असं काही लिहिलंत, तर टाइपस्क्रिप्ट आधीच सांगेल. आणि ही तपासणीसुद्धा कायम हळूच राहील असं नाही. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत आणला जातोय आणि तो साधारण दहापट वेगवान व्हावा हे उद्दिष्ट आहे.

आणखी एक खड्डा. जुन्या टेस्टमध्ये ‘स्पाय-ऑन’ वापरून दुसऱ्या फाइलच्या फंक्शनवर पाळत ठेवली असेल, तर एसडब्ल्यूसीवर ‘कॅनॉट रिडिफाइन प्रॉपर्टी’ असा एरर येऊ शकतो. कारण एक्स्पोर्ट केलेली गोष्ट बाहेरून बदलता येऊ नये, असाच कोड तो तयार करतो. घाबरू नका. तिथे जेस्टच्या ‘मॉक’ने ती अख्खी फाइल बदली करा, किंवा ते फंक्शन बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, त्याने कोडही सुटसुटीत होतो.

‘आम्हाला काय करायचंय?’

हे सगळं ऐकून तीन प्रकारचे आक्षेप येतात. पहिला, ‘हे मोठ्या कंपन्यांसाठी, आमच्या मिनी प्रोजेक्टला कशाला?’ आमचा प्रोजेक्टही मिनीच होता. एसटीत बसलेल्या त्या मुलांसाठी तो मिनी नव्हता.

दुसरा, ‘दर सहा महिन्यांनी नवीन टूल, किती शिकायचं?’ हा आक्षेप मला पटतो. म्हणूनच म्हणते, फॅशन म्हणून बदलू नका. तुमच्या टेस्ट बेबेलवर पाच सेकंदांत होत असतील तर त्याला हात लावू नका. व्हाइटवर नवा प्रोजेक्ट करत असाल तर व्हायटेस्ट घ्या, तिथे वेगवान कंपायलर आधीच बसवलेला असतो. मोजा आणि मग ठरवा.

तिसरा सध्याचा लाडका आक्षेप: ‘कोड आता एआय लिहितं, टेस्टपण तेच लिहील.’ लिहू दे की. पण मग तुमच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही न लिहिलेल्या ओळी वाढणार. त्या चालतात की नाही हे कळायला टेस्ट चालवण्याखेरीज आहे काय आपल्याकडे? मी काढलेल्या त्या दोन ओळीही मी लिहिलेल्या नव्हत्या. म्हणूनच तर त्या फालतू वाटल्या.

आणि सर-मॅडम हे पान वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती. टेस्टिंग म्हणजे व्हाइट बॉक्स आणि ब्लॅक बॉक्समधले फरक, पाच मार्क, एवढ्यावर विषय संपवू नका. व्हायव्हाला फक्त एवढंच म्हणा, ‘टेस्ट चालवून दाखव.’ पुढच्या सेमिस्टरला अख्खा वर्ग आपोआप टेस्ट लिहील आणि त्या वेगाने कशा चालतील हेही शोधेल.

आमच्या साइटवर त्या दोन ओळी आता परत आल्या आहेत. त्यांची टेस्ट दर कमिटला चालते. त्या भागापुरत्या टेस्ट तीन-चार सेकंदांत होतात, नो-व्हेरिफाय लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. आमच्यापैकी कुणी अचानक शिस्तीचं झालेलं नाही. मी अजूनही असाइनमेंट शेवटच्या रात्रीच लिहिते! फक्त योग्य ते करणं आता चुकीचं करण्यापेक्षा सोपं झालंय.

या वर्षी स्पर्धेचं आमंत्रण पाठवताना त्या टीमला मी स्वतः फोन केला. माफी मागितली, झालेलं सगळं सांगितलं. त्यांची दिग्दर्शिका हसली आणि म्हणाली, ‘ताई, निकाल लवकर लावा म्हणजे झालं. आमची शेवटची गाडी साडेआठलाच आहे.’

तेव्हा आज रात्री एवढंच करा. तुमचा प्रोजेक्ट उघडा, नो-कॅशने टेस्ट चालवा आणि घड्याळ बघा. थांबवत नसेल, तर बदला.